लॉनमधला लव्हाळा: पातं उपटू नका, गाठ काढा

पावसाळ्यात लॉनवरून मशीन फिरवलं की दोन दिवस सगळं एकसारखं दिसतं. तिसऱ्या दिवशी काही पाती बाकीच्या गवताच्या बोटभर वर निघालेली असतात. रंगाने थोडी गडद, तकतकीत, ताठ. पुन्हा कापलं तरी पुन्हा तीच आधी वर येतात. हा लव्हाळा. शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही नावं तो एका दमात घेतो. पण बंगल्याभोवती किंवा सोसायटीच्या आवारात हौसेने लॉन लावणारे बरेच जण त्याला गवतच समजतात, आणि ओळख पटेपर्यंत निम्मं लॉन त्याने व्यापलेलं असतं. मग तो हाताने ओढून उपटला जातो, महिन्याभरात पुन्हा तितकाच, कधी जास्तच दिसू लागतो, आणि वैतागून लॉन काढून फरशी घालण्याचा विषय घरात निघतो.

फरशीपर्यंत जाण्याची गरज नाही. लव्हाळा आटोक्यात येतो, मात्र तो जमिनीखाली कसा जगतो हे समजून घेऊन काम केलं तरच. त्याची सगळी ताकद मातीतल्या गाठींमध्ये साठलेली असते. गाठ तशीच ठेवून पात्याशी कितीही झटापट केली तरी आपण दमतो, तो दमत नाही.

आधी खात्री करा

तुऱ्याची काडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवून पाहा. लव्हाळ्याची काडी त्रिकोणी असते. तिच्या तीन कडा बोटाला लागतात आणि ती सहज फिरत नाही. गवताची काडी गोल किंवा चपटी, तिला पेरं असतात आणि बहुतेक गवतांत ती आतून पोकळ असते. लव्हाळ्याच्या काडीला पेर नसतं आणि ती आतून भरीव असते. तुरा आलेला नसेल तर रोप बुडाशी नीट बघा. गवताची पानं आळीपाळीने दोन बाजूंना निघतात, लव्हाळ्याची तीन दिशांना. पात्याच्या मध्यावर लांबट खाच असते आणि ते बोटांना गुळगुळीत, मेणचट लागतं. तुरा तांबूस-जांभळट असतो आणि त्याच्या बुडाशी पात्यासारखी दोन-चार लहानमोठी पानं पसरलेली दिसतात.

तरीही शंका असेल तर एक रोप मातीच्या गोळ्यासकट खणून काढा, बादलीतल्या पाण्यात माती हळूच धुऊन टाका आणि खाली काय आहे ते पाहा. बुडाशी फुगलेला भाग, त्यातून निघालेले तारेसारखे बारीक धागे आणि त्या धाग्यांवर काळपट-तपकिरी, वेड्यावाकड्या गाठी. मोठी गाठ पेराएवढी, लहान वाटाण्याएवढी. नखाने खरवडली की आतून पांढरी निघते आणि एक ओळखीचा वास येतो. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो, तो याच कुळातल्या गाठी वाळवून केलेला. ज्याने उटणं लावलंय त्याला तो वास लगेच ओळखता येईल.

दोन गोष्टींशी गल्लत होते. एक म्हणजे याचाच पिवळट तुऱ्याचा भाऊबंद. त्याच्या गाठी धाग्याच्या टोकाला एकेकट्या येतात, माळेने येत नाहीत, त्यामुळे त्या काढायला थोड्या सोप्या जातात. दुसरं एक बुटकं रोप ओलसर लॉनमध्ये दिसतं. तेही याच कुळातलं आणि त्याची काडीही त्रिकोणी, पण तिच्या शेंड्याला हिरवट किंवा पांढरट गोल बोंड असतं. त्याला गाठी नसतात. ते जमिनीलगत आडवं सरकतं आणि बहुतेक वेळा साचलेल्या पाण्यामुळे येतं. पाण्याचा निचरा सुधारून खुरप्याने काढलं तर हटतं. त्याच्यासाठी या लेखातला सगळा खटाटोप करू नका.

जमिनीखालची माळ

लव्हाळ्याला बी येतं, पण ते क्वचितच रुजतं. त्याचा पसारा वाढतो तो गाठींमधून. एका गाठीतून कोंब निघतो, मातीच्या वरच्या थरात त्याचं बूड फुगतं, तिथून पातं वर जातं आणि धागे आडवे पसरतात. त्या धाग्यांवर पुढची गाठ, तिच्यापुढे आणखी एक, अशी माळ तयार होते. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात नवीन गाठी धरायला लागतात. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटर मातीत असतात, काही फूटभर खोलही जातात.

या माळेचा एक गुणधर्म लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण चुकीचे बहुतेक उपाय तिथेच फसतात. माळ अखंड असते तेव्हा टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा गाठी झोपून राहतात. टोकाकडून त्यांना एक प्रकारची आडकाठी असते. माळ तुटली की ती आडकाठी संपते आणि झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटायला मोकळी होते. म्हणून पातं ओढून उपटलं की ते बुडाशी तुटतं, गाठ खालीच राहते आणि तिथून पुन्हा कोंब येतो. लॉन नव्याने करायचं म्हणून ऐन पावसाळ्यात रोटाव्हेटर फिरवला तर त्याहून वाईट होतं. यंत्र माळांचे तुकडे करून ते सगळ्या आवारात पसरवतं, वर ओल मिळते, आणि पूर्वी एका कोपऱ्यात असलेला लव्हाळा सगळीकडे होतो. कंत्राटदाराला हे काम लवकर उरकायचं असतं. लॉन आपलं आहे, म्हणून ठामपणे नाही म्हणायचं काम आपलंच.

हे तण किती चिवट आहे याची नोंद जगभर झालेली आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर हॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७७ साली जो ग्रंथ आला, त्यात लव्हाळ्याला पहिला क्रमांक दिला होता. आपल्याकडे तर त्याच्याही अर्धशतक आधी, १९२५ साली, रानडे आणि बर्न्स यांनी लव्हाळ्याच्या निर्मूलनावर दीर्घ निबंध लिहून कृषी खात्याच्या वनस्पतिशास्त्र मालिकेत प्रसिद्ध केला. यातले बर्न्स पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या तणावर स्वतंत्र अभ्यास करावा लागला, ते आपल्या लॉनमधून एका रविवारात जाणार नाही. एवढं मनाशी पक्कं केलं की पुढचं काम सोपं होतं.

आला कुठून?

बहुतेक घरांत लव्हाळा विकत घेतलेल्या मातीतून येतो. बांधकाम संपलं की आवारात सिमेंटचा राडारोडा उरतो, त्यावर दोन-तीन ब्रास लाल माती टाकली जाते आणि त्यावर लॉन. डंपरमधून आलेल्या त्या मातीत गाठी आहेत की नाहीत हे ढिगाकडे बघून कळत नाही, त्या मातीच्याच रंगाच्या दिसतात. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. माती घेण्याआधी पुरवठादाराकडून घमेलंभर नमुना मागा, पसरट कुंडीत भरा, पाणी घाला आणि उन्हात ठेवा. थंडीचे दिवस सोडले तर तीन आठवड्यांत, गाठी असतील तर कोंब वर येतात. घाई असेल तर निदान ती माती वाळूच्या बारीक चाळणीतून चाळून घ्या. मजुरी पडते, पण पुढची काही वर्षं ज्यात जातील त्या मेहनतीपुढे ती काहीच नाही.

दुसरी वाट अर्धवट कुजलेल्या, मातीमिश्रित शेणखताची. तिसरी खुद्द लॉनच्या लाद्यांची. पुण्याच्या आसपासचं पुष्कळसं तयार लॉन उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांमधून येतं आणि त्यात चांगला माल भरपूर असतो. तरीही लाद्या उतरवून घेताना चार-पाच उलट्या करून मुळांकडची बाजू बघावी. काळ्या गाठी किंवा त्रिकोणी बुडाची पाती दिसली तर ती गाडी परत पाठवायला संकोच करू नका. नर्सरीतून आणलेल्या शोभेच्या झाडांच्या पिशव्यांमध्येही लव्हाळा असतो. झाड लावण्याआधी पिशवीतल्या मातीवर नजर टाकायची सवय लावून घ्या.

लॉन आहे आणि लव्हाळाही आहे

लागण थोडी असेल, म्हणजे चार-सहा ठिकाणी झुबके दिसत असतील, तर हाताने काढणं हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मात्र पद्धत पाळावी लागते. आदल्या संध्याकाळी त्या जागी भरपूर पाणी द्या, किंवा चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काम करा. अरुंद पात्याचं, लांब खुरपं घ्या. रोपापासून तीन-चार बोटं दूर ते सरळ खाली वीतभर घुसवा, चारी बाजूंनी माती सैल करा आणि पूर्ण गोळा उचला. रोप हातात धरून ओढू नका. गोळा वर येतो तेव्हा ते आपोआप येतं. मग बसल्या जागी गोळा फोडून गाठी वेगळ्या करा आणि धागा कुठल्या दिशेने गेलाय ते बघून तिकडे थोडं आणखी खणा. खड्ड्यात चाळलेली स्वच्छ माती भरा आणि लॉनच्याच एखाद्या निरोगी कोपऱ्यातून तळहाताएवढा तुकडा काढून तिथे बसवा. जागा उघडी ठेवली तर तिथे पहिलं जे उगवेल ते तणच असेल.

खणलेल्या जागी तुटलेल्या माळेतल्या काही गाठी उरणारच, आणि त्या फुटणारच. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारा. नव्या रोपाला पाच-सहा पानं येण्याआधी ते काढायचं, हे सूत्र. तोपर्यंत ते आपल्या गाठीतला साठा वापरत असतं, नवीन साठा करत नसतं. याच अवस्थेत पुन्हा पुन्हा काढलं की गाठ रिकामी होत जाते. पानं वाढू दिली की हिशेब उलटतो आणि नव्या गाठी धरतात. त्यामुळे वर्षातून एकदा चार मजूर लावून केलेल्या मोठ्या खुरपणीपेक्षा दर पंधरवड्याला घरच्या माणसाने दिलेला अर्धा तास जास्त कामाचा. माळीबुवा येत असतील तर त्यांनाही हे कारणासकट सांगा. मशीन फिरवण्याआधी, लव्हाळा वर डोकावत असतानाच, तो काढून घ्यायला सांगा. कापल्यानंतर तो शोधावा लागतो.

थंडीत लव्हाळा मंदावतो, पाती पिवळी पडतात, आणि गेला असं वाटतं. गाठी खाली जिवंत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागलं की पहिले कोंब येतात आणि माझ्या मते वर्षातली सर्वांत मोलाची खुरपणी हीच. या वेळी वर आलेलं प्रत्येक रोप जुन्या गाठीचा पत्ता दाखवतं, संख्या कमी असते आणि नव्या गाठी धरायला अजून अवकाश असतो. नेमक्या याच दिवसांत लॉनकडे दुर्लक्ष होतं, कारण पावसाळा लांब असतो आणि लव्हाळा अजून डोळ्यांत खुपत नसतो.

खुरपणीच्या जोडीला लॉन दाट झालं पाहिजे. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दाट गवतात त्याचा नवा कोंब दुबळा राहतो. सिलेक्शन वनसारखं हरळीच्या जातीचं लॉन तीन-चार सेंटीमीटर उंच ठेवावं. टक्कल पडेपर्यंत खाली कापलं की माती उघडी पडते, ऊन थेट मातीवर येतं आणि लव्हाळ्याला जागा मिळते. मेक्सिकन गवत सावकाश वाढतं, त्यामुळे त्यात लव्हाळा लवकर उठून दिसतो. तेवढा त्याचा फायदा घ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला लव्हाळा काढून झाल्यावर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम युरिया भरपूर पाण्याबरोबर दिला तर गवत लवकर भरून येतं. क्रम मात्र हाच ठेवा, कारण खत लव्हाळ्यालाही तेवढंच लागू पडतं.

पाण्याची सवय बदलणं लोकांना सर्वांत जड जातं. रोज संध्याकाळी पाइप धरून वरवर शिंपडल्याने मातीचा वरचा थर सतत ओला राहतो, आणि बहुतेक गाठी याच थरात असतात. त्याऐवजी उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा, पण खोलवर पाणी द्या. खुरपं घुसवून बघा: चार-पाच इंचांपर्यंत ओल पोहोचली असेल तर पुरे. काळ्या जमिनीत आणखी कमी वेळा दिलं तरी चालतं. याने लव्हाळा मरत नाही, तो दुष्काळही काढतो. पण गवताची मुळं खोल जातात आणि त्याच्याशी टक्कर द्यायला गवत सबळ होतं. नळ गळत असेल, एसीचं पाणी एका कोपऱ्यात पडत असेल, तर तिथेच लव्हाळा दाट दिसेल. ते आधी थांबवा.

लॉन नव्याने करणार असाल तर

निम्म्याहून अधिक लॉन लव्हाळ्याने भरलं असेल तर डागडुजी सोडून द्या आणि उन्हाळ्याची वाट पाहा. माळ तोडणं पावसाळ्यात घातक असतं, तेच एप्रिल-मेमध्ये उपयोगी पडतं, कारण उघड्यावर पडलेली गाठ उन्हात आठवडा-दोन आठवड्यांत वाळून मरते. एप्रिलमध्ये कुदळीने वीतभर खोल खणा. ढेकळं उन्हात तापू द्या, चार-पाच दिवसांनी उलटा, पुन्हा तापू द्या. ढेकळाच्या आतली गाठ वाळत नाही, म्हणून ती फोडावी लागतात. दिसतील त्या गाठी वेचा, जमल्यास माती चाळा.

मग मेच्या मध्याला मुद्दाम पाणी द्या. आत उरलेल्या गाठी जवळजवळ एकदमच फुटतील, आणि ते पाहून घाबरायचं नाही. दहा-बारा दिवसांत वर आलेले कोंब गाठींसकट काढा आणि पुन्हा एकदा पाणी देऊन तेच करा. ज्यांना शक्य आहे त्यांनी मधल्या काळात ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चारी कडा मातीने दाबून महिनाभर अंथरावं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्याखालची वरची माती इतकी तापते की वरच्या थरातल्या बऱ्याच गाठी शिजून निघतात. खोलवरच्या उरतात. काळा कागद यासाठी वापरू नका, लव्हाळ्याचं टोकदार पातं त्याला भोक पाडून वर येतं. जूनअखेरीस, पाऊस स्थिरावल्यावर लॉन लावा आणि पहिला संपूर्ण पावसाळा पंधरवड्याची फेरी चुकवू नका.

मीठ नको, आणि औषधाआधी विचार

मोबाइलवर फिरणारे उपाय, म्हणजे मीठ, व्हिनेगर, उकळतं पाणी, रॉकेल, यांतला एकही करू नका. वरचं पातं जळतं, सोबत गवतही जळतं आणि गाठ सुखरूप राहते. मिठाने तर माती बिघडते, आणि मग तिथे काहीही लावणं कठीण होऊन बसतं.

तणनाशकांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. रुंद पानांच्या तणांसाठी वापरलं जाणारं टू-फोर-डी लव्हाळ्याची पाती करपवतं, गाठ मारत नाही. ग्लायफोसेट हिरवं असेल ते सगळं मारतं, लॉनसकट. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. गाठीपर्यंत पोहोचणारं औषध म्हणजे उसात लव्हाळ्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल. त्याची मात्रा एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे एका गुंठ्याला एक ग्रॅमही नाही. घरातल्या काट्यावर किंवा चमच्याने ती मोजणं अशक्य आहे. आणि जास्त पडलं तर शेजारच्या वाफ्यातली भाजी, फुलझाडं जातात, नवीन लागवडीवरही परिणाम होतो. पुडक्यावर कोणत्या पिकांची नावं आहेत ते वाचा. आपला वापर त्यात बसत नसेल तर ते आणू नका. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं जिथे लोळतात अशा घरच्या लॉनवर मी ते सुचवणार नाही. मोठ्या आवाराचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या आणि फवारणी प्रशिक्षित माणसाकडूनच, हातमोजे-मास्कसह, वारा नसताना करून घ्या.

शेजारचा प्लॉट रिकामा आणि लव्हाळ्याने भरलेला असेल तर तो तारेच्या कुंपणाखालून येत राहतो. त्या कडेला फूटभर खोल अरुंद चर घेऊन त्यात जाड पत्रा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा, वरची कड मातीच्या दोन बोटं वर ठेवा. फरशीच्या सांध्यांतून निघणारा लव्हाळाही सोडू नका. तिथून तो लॉनकडेच वळतो.

काढलेल्या गाठी कधीही कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. कापलेली पाती चालतात, गाठी नाही. घरच्या खड्ड्यात तेवढी उष्णता होत नाही आणि खताबरोबर त्या पुन्हा लॉनवर येतात. कुंपणापलीकडे फेकणं तर नकोच. गच्चीवर पत्र्याच्या तुकड्यावर पातळ पसरून पंधरा दिवस कडक उन्हात ठेवा आणि मधून मधून हलवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा आणि ऊन पडेल तेव्हा पसरा. एखादी गाठ मोडून पाहा: आतून ओलसर पांढरी असेल तर ती अजून जिवंत आहे, आणखी काही दिवस वाळू द्या.